पाच मिनिटांचा हिशेब

सांगलीच्या मार्केट यार्डात सकाळचे हळदीचे सौदे आटोपले, हमालांनी पोती थप्पीला लावली, की पेढीवर दुपारची तासभर सामसूम असते. अशाच एका दुपारी घरचा धाकटा नातू पुण्याहून परतला. अभियांत्रिकीची पदवी पदरात पडली होती, पाठीवर एक पिशवी होती आणि सोबत एक सायकल होती. सायकल त्याने पेढीच्या पायरीला टेकवून ठेवली. तिला मडगार्ड नव्हते, कॅरिअर नव्हते, घंटी नव्हती आणि हँडलला ब्रेकही नव्हते. दोघे-तिघे हमाल भोवती जमले. एकाने विचारले, "किती पळते?" नातवाने खिशातून मोबाईल काढून आकडा दाखवला. पुण्यातल्या एका उतारावर तिने ताशी ४५ किलोमीटरचा वेग गाठला होता.

गादीवर बसलेल्या आप्पांनी चष्मा वर केला. वय अठ्ठ्याहत्तर, तरी तोंडी हिशेबात अजून कोणाला हार जात नसत. त्यांनी दुसराच प्रश्न विचारला.

"थांबते कशी?"

"पायानं थांबते, आप्पा," नातू हसून म्हणाला.

आप्पांना ते उत्तर पटले नाही. पण सायकलविषयी त्यांना मुळातच ममत्व होते. तरुणपणी याच पेढीच्या चिठ्ठ्या आणि हळदीचे नमुने घेऊन ते काळ्या, उंच, अठ्ठावीस इंची चाकांच्या सायकलवरून मिरजेला जात असत. ती सायकल अजून घराच्या मागच्या पडवीत होती. म्हणून त्या दिवशी ते गादीवरून उठले आणि नव्या सायकलचे मागचे चाक उचलून त्यांनी पेडल फिरवून पाहिले. चाक फिरू लागले. त्यांनी पेडलवरचा हात काढला. तरी पेडल चाकाबरोबर फिरतच राहिले.

नेहमीच्या सायकलच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असते. पाय थांबले तरी चाक पुढे धावत राहते आणि त्यातून तो ओळखीचा टकटक आवाज येतो. या सायकलला ते नव्हते. मागचे दातेरी चक्र चाकाच्या तुंब्याला पक्के जोडलेले होते. चाक फिरेल तोवर पाय फिरणार आणि पाय फिरतील तोवरच चाक फिरणार. उतारावर पाय स्थिर ठेवून निवांत बसण्याची सोय नाही. वेग कमी करायचा तर फिरणाऱ्या पेडलना पायांनी उलटा दाब द्यायचा. आणि एकदम थांबायचे तर अंग पुढे झुकवून, मागच्या चाकावरचा भार हलका करून, पाय गच्च धरून चाक फरफटत न्यायचे. हिला फिक्स्ड गिअरची सायकल म्हणतात.

"म्हणजे हिच्यात उधारी नाही," आप्पा म्हणाले. "जेवढं पाय देतील तेवढंच चाक घेईल."

नातवाला ते वाक्य आवडले. पुढे काही दिवस तो तेच मित्रांना ऐकवत असे.

संध्याकाळच्या जेवणानंतर अंगणात बसून नातू आप्पांना या सायकलची कुळकथा सांगू लागला. ही काही नवी टूम नव्हती. वस्तुतः सायकलचे मूळ रूपच हे. पूर्वीच्या प्रचंड पुढच्या चाकाच्या सायकलींत पेडल थेट चाकालाच जोडलेले असे. पायांची एक फेरी म्हणजे चाकाची एक फेरी. म्हणून जास्त वेग हवा तर चाकच मोठे करावे लागे. १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन केंप स्टार्ले यांनी मागच्या चाकाला साखळीने गती देणारी ‘रोव्हर’ सायकल आणली, तेव्हा ही अडचण दूर झाली. आता मोठ्या चाकाचे काम पुढच्या-मागच्या दातेरी चक्रांचे गुणोत्तर करू लागले. फ्रीव्हीलचा सर्वत्र प्रसार झाला तो त्यानंतर.

१९०३ साली पहिली ‘टूर द फ्रान्स’ शर्यत झाली. २,४२८ किलोमीटरचे ते अंतर विजेत्या मॉरिस गारँने ताशी सुमारे २५.७ किलोमीटरच्या सरासरीने तोडले. तेव्हाचे रस्ते खडीचे आणि मातीचे होते, सायकली जड होत्या, टप्पे रात्र-रात्र चालत. त्या शर्यतीचे जनक आंरी देग्रांज यांना गिअर बदलण्याच्या यंत्राचे इतके वावडे होते, की १९३७ पर्यंत त्यांच्या शर्यतीत त्याला प्रवेश नव्हता. चढ आला की स्वार खाली उतरत, मागचे चाक काढून उलटे बसवत आणि दुसऱ्या बाजूचे मोठे दातेरी चक्र वापरून चढ चढत.

या देग्रांज महाशयांची आणखी एक ओळख आहे. ११ मे १८९३ रोजी पॅरिसच्या धावपट्टीवर त्यांनी एका तासात ३५.३२५ किलोमीटर अंतर कापले. एका तासात एकटा मनुष्य किती दूर जाऊ शकतो, याचा तो पहिला मान्य विक्रम. तेव्हापासून आजपर्यंत हा विक्रम एकाच गिअरच्या, फ्रीव्हील नसलेल्या सायकलवरच मोडला गेला आहे. १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत एडी मर्क्स ४९.४३१ किलोमीटर गेले. २०२२ मध्ये स्वित्झर्लंडमधील ग्रेन्खेन येथे इटलीचे फिलिप्पो गान्ना ५६.७९२ किलोमीटर गेले. स्त्रियांमध्ये तासाला पन्नास किलोमीटरची रेषा प्रथम ओलांडली ती इटलीच्याच व्हित्तोरिया बुस्सी यांनी, २०२३ मध्ये, त्यांनी ५०.२६७ किलोमीटर अंतर कापले. या बाई गणितात डॉक्टरेट मिळवलेल्या आहेत, हे ऐकून आप्पांनी समाधानाने मान डोलावली.

"आणि तुझा वेग किती?" त्यांनी विचारले.

"पंचेचाळीस."

"तो उताराचा. तुझा किती?"

या प्रश्नाने नातू थोडा गोंधळला. मग दोघांनी मिळून हिशेब मांडला. आप्पांनी गोदामातली मोजपट्टी आणवली. फरशीवर खडूने रेघ मारून सायकल तिच्यावर उभी केली आणि चाकाची एक पूर्ण फेरी होईपर्यंत ढकलली. चाकाचा घेर भरला २.१ मीटर. पुढच्या चक्राला ४८ दाते, मागच्याला १६. म्हणजे पायांच्या एका फेरीत चाकाच्या तीन फेऱ्या, म्हणजेच ६.३ मीटर. या सायकलला दुसरा गिअर नसल्याने पुढे सारी सोपी त्रैराशिके होती. मिनिटाला पायांच्या ६० फेऱ्या केल्या, तर ताशी साधारण २२.७ किलोमीटर. ७० केल्या तर २६.५, ८० केल्या तर ३०, ९० केल्या तर ३४. पंचेचाळीसचा वेग हवा, तर मिनिटाला १२० फेऱ्या. म्हणजे सेकंदाला दोन. उतारावर सायकलच पायांना तेवढे नाचवते. सपाटीवर ते बळ पाय कोठून आणणार? हवेचा विरोध वेगाबरोबर असा वाढतो, की वाऱ्याला तोंड देत दुप्पट वेगाने जायचे, तर त्याच्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते.

दुसऱ्या दिवशी नातवाने मोबाईलमधील मागच्या दोन महिन्यांच्या नोंदी काढल्या. कमाल वेगाचे आकडे दिमाखदार होते, पण सरासरी प्रामाणिक होती. सिग्नल आणि वळणे असलेल्या शहरी रस्त्यावर ताशी १८ ते २२. सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर २५ ते २८. तिशीच्या वरची सरासरी दोनच दिवस, आणि त्या दोन्ही दिवशी वारा पाठीशी होता. असल्या सायकलवर रोज फिरणाऱ्या बहुतेक सामान्य स्वारांचे आकडे याच घरात असतात. त्याहून पुढचे सारे सरावाचे, शर्यतीचे किंवा उताराचे.

आप्पांनी मग पडवीतली आपली जुनी सायकल काढायला सांगितली. तिचीही एक फेरी मोजली. ती भरली पावणेसहा मीटरच्या थोडी वर. "आम्ही अर्ध्या तासात मिरज गाठत होतो," ते म्हणाले. घरापासून मिरजेच्या दुकानापर्यंत अंतर १० किलोमीटर. म्हणजे ताशी वीस. साठ वर्षांच्या अंतराने, निम्म्या वजनाच्या सायकलवर बसूनही नातवाची त्या रस्त्यावरची सरासरी बावीस-चोवीस. दोघेही काही क्षण गप्प राहिले आणि मग एकदम हसले.

आणखी एक गंमत झाली. महिन्याभरात मागच्या टायरला एकाच जागी टक्कल पडले; बाकीचा टायर नवा आणि तेवढ्याच वितीत आतले धागे दिसू लागले. नातवाने दोष टायरला दिला. आप्पांनी चाक फिरवून पाहिले, दाते पुन्हा मोजले आणि म्हणाले, "अठ्ठेचाळीसला सोळानं पूर्ण भाग जातो. तू उजवा पाय पुढे ठेवूनच चाक धरतोस ना? मग पाय त्या जागी आला, की चाकाचीही तीच जागा जमिनीवर येणार. दरवेळी तोच भाग घासतोस." मागच्या चक्राला भाग न जाणारी संख्या हवी होती. पुढे ४६ आणि मागे १७ दाते घातले, तर घासण्याच्या जागा सतरा होतात आणि टायर सारखा झिजतो. फिक्स्ड गिअरच्या स्वारांना हे गणित पूर्वीपासून ठाऊक आहे. आप्पांनी ते पडवीत बसून स्वतःच काढले. नातवाने चक्रे बदलली. एक फेरी आता ५.६८ मीटरची झाली, जवळपास आप्पांच्या जुन्या सायकलएवढीच.

टायर बदलताना आप्पांनी एवढेच म्हटले, "चाक घासून थांबायचं म्हणजे प्रत्येक वेळी टायर खर्ची टाकायचा. एक ब्रेक लाव की."

"ब्रेक लावला तर हिचा बाज जातो, आप्पा. धावपट्टीवरच्या सायकलला ब्रेक नसतोच."

हे खरे होते. शर्यतीच्या धावपट्टीवर ब्रेक लावलेल्या सायकलला मज्जाव असतो. तेथे ताशी साठ-सत्तर किलोमीटरने जाणारे स्वार एकमेकांना चिकटून धावतात. एकाने अचानक ब्रेक दाबला, तर मागचे सगळे त्याच्यावर कोसळतील. पण तेथे सगळे एकाच दिशेने जातात. समोरून कोणी येत नाही, आडवे कोणी जात नाही, बाजारातून परतणारी म्हातारी तेथे रस्ता ओलांडत नाही. या सायकली मोठ्या शहरांच्या रस्त्यांवर आणल्या त्या टपाल पोहोचवणाऱ्या स्वारांनी. मोडण्यासारखे भाग कमी आणि देखभालीचा खर्च कमी, म्हणून. त्यांच्यामागून हौशी तरुण आले. सायकल रस्त्यावर आली; धावपट्टीचा एकेरीपणा मात्र तिच्याबरोबर रस्त्यावर आला नाही. ही गोष्ट त्या दिवशी पेढीवर कोणी बोलले नाही.

मार्गशीर्षातली संध्याकाळ होती. नातू मिरजेला काकांच्या दुकानाचा दिवसाचा हिशेब आणायला गेला होता. दिवस लहान, सूर्यास्त सहाच्या सुमारास. घरात सर्वांची जेवणे सूर्यास्तापूर्वी होत. पुण्याला राहून नातवाचा हा नियम सुटला होता आणि घरी आल्यावर आजीच्या समाधानासाठी त्याने तो पुन्हा धरला होता. दुकानात बोलण्यात उशीर झाला. सव्वापाच उलटून गेल्यावर तो निघाला, तेव्हा मनात हिशेब सुरू होता. नेहमीच्या विसाच्या चालीने गेलो, तर अर्धा तास लागेल आणि पानावर बसायला दहा मिनिटे उरतील. चोवीसची सरासरी राखली, तर पंचवीस मिनिटे लागतील आणि पंधरा मिनिटे उरतील.

मिरजेहून सांगलीकडे येताना संध्याकाळी सूर्य समोर असतो. विश्रामबागेच्या अलीकडे रस्ता थोडा मोकळा मिळाला. पाय मिनिटाला पंच्याहत्तरच्या आसपास फिरत होते. वेग ताशी सव्वीस असावा. तेवढ्यात फुलांची रिकामी पाटी काखेत घेतलेली एक वयस्क बाई दोन उभ्या रिक्षांमधून रस्त्यावर आली. सूर्याच्या झळाळीत नातवाला ती दिसली तेव्हा अंतर फार थोडे उरले होते. त्याने अंग पुढे टाकले, पाय गच्च धरले. मागचे चाक फरफटले, पण सायकल थांबली नाही. त्याने हँडल वळवले. तरी खांद्याचा धक्का लागलाच. दोघेही पडली. नातवाच्या कोपराची सालटी निघाली. बाई मनगटावर पडल्या.

लोक जमले. कोणी नातवाला बोलले, कोणी बाईंना. "बघून चालायला नको का?" असे एकजण म्हणाला, तेव्हा नातवाला ते ऐकून क्षणभर बरे वाटले आणि लगेच त्या बरे वाटण्याची लाज वाटली. त्याने रिक्षा केली. इस्पितळात हाडाचे चित्र काढले. डाव्या मनगटाचे हाड मोडले होते. सहा आठवडे प्लास्टर.

आप्पा आणि नातवाचे वडील तेथे पोहोचले, तेव्हा बाई बाकावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी बघितलंच न्हाई. पोराची सायकल आली कवा आन गेली कवा. आवाज न्हाई, घंटी न्हाई." फ्रीव्हील नसलेली सायकल टकटकही करत नाही. बाईंना हाताच्या दुखण्याहून दुसरी काळजी मोठी होती. विश्रामबागेत एका झाडाखाली त्यांची फुलांची जागा होती. पहाटे घाऊक बाजारातून फुले आणायची, सकाळी विकायची, संध्याकाळी उरलेले हार विकून परतायचे. सून हुशार होती, बसायला तयार होती. पण तान्हे मूल सोडून पहाटे बाजाराला जाणे तिला शक्य नव्हते. सहा आठवडे जागा रिकामी राहिली, तर दुसरे कोणी तेथे बसणार.

त्या रात्री घरी नातू जेवला नाही, आणि ते केवळ सूर्य मावळला म्हणून नव्हे. आजी त्याच्या कोपराला हळद लावत होती. तो म्हणाला, "जेवायला वेळेत पोहोचायचं म्हणूनच मी..." वाक्य त्याने अर्धवट सोडले. आप्पा समोर बसले होते. ते रागावले नाहीत. ते म्हणाले, "नियम कशासाठी असतो? आपल्या हातून कोणाला दुखापत होऊ नये म्हणूनच ना? जेवण चुकलं असतं, तर सकाळी जेवला असतास. त्यांचं मनगट सकाळी जागेवर येणार आहे का?"

रात्री झोप येईना, म्हणून नातू मोबाईलवर वाचत पडला. लंडनमधली एक घटना त्याच्या वाचनात आली. फेब्रुवारी २०१६ मध्ये पुढचा ब्रेक नसलेल्या अशाच धावपट्टीच्या सायकलवरून जाणाऱ्या एका अठरा वर्षांच्या मुलाची रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीशी धडक झाली आणि आठवड्याभरात ती मरण पावली. तेथील कायद्याने फिक्स्ड गिअरच्या सायकललाही रस्त्यावर पुढचा ब्रेक सक्तीचा आहे. न्यायालयाने त्या मुलाला सदोष मनुष्यवधातून मुक्त केले, परंतु घोडागाड्यांच्या काळात, १८६१ मध्ये केलेल्या एका कायद्याच्या कलमाखाली दोषी ठरवून अठरा महिन्यांची शिक्षा दिली. खटल्यात सांगितला गेलेला त्याचा वेग ताशी १८ मैल होता, म्हणजे सुमारे २९ किलोमीटर. नातवाने तो आकडा दोनदा वाचला. तो काही शर्यतीतला वेग नव्हता. त्याच्या स्वतःच्या मोबाईलमध्ये तो आकडा अनेक सकाळी नोंदलेला होता.

सकाळी तो पेढीवर गेला आणि कच्च्या वहीचे मागचे पान उघडून आप्पांपुढे बसला. या वेळी हिशेब त्याने मांडला. ताशी २६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सव्वासात मीटर. समोर माणूस दिसून पायाला आज्ञा पोहोचेपर्यंत एक सेकंद धरला, तर तेवढ्यातच सव्वासात मीटर गेले. त्यानंतर केवळ मागचे चाक घासून थांबायला ढोबळमानाने आणखी बारा मीटर. एकूण एकोणीस. पुढचा चांगला ब्रेक असेल, तर बाराऐवजी पाच-साडेपाच मीटर, एकूण साडेबारा. थांबताना सायकलचा आणि माणसाचा सगळा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचे चाक हलके होते. जे चाक हलके होते, त्याच्याच भरवशावर तो इतके दिवस फिरला होता. शिवाय वेग दुप्पट झाला, की घसटत जाण्याचे अंतर चौपट होते.

आप्पांनी पेन्सिल घेतली आणि शेजारी दुसरा रकाना आखला. दहा किलोमीटरच्या वाटेला ताशी १० च्या वेगाने एक तास लागतो. २० च्या वेगाने अर्धा तास. म्हणजे तीस मिनिटे वाचली. ३० च्या वेगाने वीस मिनिटे. आणखी दहाच वाचली. ४० च्या वेगाने पंधरा, आणखी पाचच. "पहिल्या दहात अर्ध्या तासाचा नफा," आप्पा म्हणाले, "दुसऱ्या दहात दहा मिनिटांचा, तिसऱ्यात पाचाचा. आणि जोखीम प्रत्येक पायरीला वाढत चाललीय. नफा आटत जातो आणि जोखीम चढत जाते, असा सौदा कोण करतो? काल तू विसाचे चोवीस केलेस. किती मिळाले?"

"पाच मिनिटं."

आप्पांनी त्या पानावर खाली ‘५ मिनिटे’ एवढे लिहिले आणि वही मिटली.

औषधपाण्याचा खर्च पेढीने केलाच. सहा आठवड्यांच्या कमाईचीही भरपाई करू, असे वडील म्हणाले. बाईंनी खर्च घेतला. कमाईचे पैसे घेताना त्या अवघडल्या. "जागा ऱ्हायली तर बास," त्या म्हणाल्या. तेव्हा नातू म्हणाला, "फुलं मी आणून देईन." हे त्याला कोणी सुचवले नव्हते. आप्पांनी मान वर करून पाहिले, बोलले काही नाहीत.

यार्डाजवळच्या एका जुन्या सायकल मिस्त्रीने पुढचा ब्रेक बसवला. घंटीही बसवली. हँडलपुढे लोखंडी जाळीची पेटी जोडली. मिस्त्रीने विचारले, "मागं फ्रीव्हील टाकू का?" नातू थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, "नको. ते राहू दे."

सहा आठवडे तो पहाटे साडेपाचला घाऊक बाजारात जाई, झेंडू आणि शेवंती तोलून घेई, पेटीत ओल्या फडक्याखाली ठेवी आणि विश्रामबागेत सुनेच्या हाती देई. प्रारंभीचे दोन दिवस फुले चुरगळली. खड्ड्यातून सायकल उडाली, की पाकळ्या झडत. मग त्याने पाय आवरले. मिनिटाला पस्तीस-चाळीस फेऱ्या, ताशी बारा-तेरा किलोमीटर. या वेगात त्या सायकलचा एक निराळा गुण त्याला उमगला. फ्रीव्हील नसल्याने रस्त्याचा प्रत्येक बदल पायाला कळतो. पाय किंचित मागे रेटला, की सायकल किंचित सावरते. गर्दीत चालणाऱ्या माणसाच्या चालीने जाता येते. जागच्या जागी क्षणभर तोलून उभे राहता येते. वेगात जी सायकल हट्टी वाटत होती, ती संथपणात आज्ञाधारक होती. मोबाईल त्या दिवसांत खिशातच राहू लागला.

तोलाईच्या निमित्ताने त्याला फुलांच्या व्यापाराची थोडी ओळख झाली. दुपारपर्यंत निम्मा भाव उतरणारा, संध्याकाळी शून्यावर येणारा तो माल. ज्या व्यापारात खरोखरच एकेका तासाची किंमत मोजावी लागते, त्या व्यापारातली ही बाई रस्ता मात्र शांतपणे ओलांडत असे. एकदा त्याने बाईंना भीत भीत विचारले, "तुम्ही माझ्यावर रागावला नाहीत?" त्या म्हणाल्या, "रागावले की. पर तू रोज येतोस. मग राग किती दिस ठेवायचा?"

प्लास्टर निघाले. हाड जुळले, पण मनगटाचा पिळा पूर्वीसारखा राहिला नाही. ओले कापड पिळताना हात दुखतो, असे त्या म्हणत. जमाखर्चात काही नोंदी अशा राहतात, की त्या पुसल्या जात नाहीत. पुढच्या पानावर ओढून न्याव्या लागतात. नातू हे समजून होता. फुले आणण्याचे काम आता बाईंनी पुन्हा स्वतः धरले. तरी आठवड्यातून दोनदा, जड बाजार असला की, तो पेटी घेऊन जाई.

मिरजेचा हिशेब आणण्याचे काम त्याच्याकडेच राहिले. त्या वाटेला त्याला आता एकतीस-बत्तीस मिनिटे लागतात. विश्रामबागेच्या अलीकडे, जेथे रिक्षा उभ्या असतात, तेथे तो घंटी वाजवतो आणि पाय आवरून जातो.

पौषातल्या एका संध्याकाळी दुकानात पुन्हा उशीर झाला. घरी येईपर्यंत सूर्य मावळला होता. आजीने वाढून ठेवलेले ताट त्यापूर्वीच आवरले होते. तिने दारातून आधी त्याच्याकडे पाहिले, मग सायकलकडे, आणि विचारले, "भूक लागलीय का रे?"

"लागलीय," तो म्हणाला, "पण सकाळी."

आत आप्पा चष्मा काढून ठेवत होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलेही नाही.